सामाईक भिंतीची भेग

शेजारच्या अण्णांनी विमा कंपनीला फसवलं आणि कंपनीने मला. आमची दोन जुनी घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी आहेत आणि त्या भिंतीला आरपार भेग गेली आहे. विमा देण्याआधी घरं बघायला कंपनीचा तपासनीस येणार होता. अण्णांनी आपल्या बाजूच्या भेगेसमोर कपाट ओढून घेतलं. ते सरकवायला हाक मलाच मारली होती.

मी जुन्या लाकडाच्या व्यापारावर उभा राहिलेला माणूस. मालात खोट काढली की भाव उतरतो, हे माझ्या अंगात भिनलेलं. म्हणून मी तपासनिसाला भेग आपणहून दाखवली. म्हटलं, "साहेब, या घरात राहिलंय काय? हप्ता जरा कमीत बसवा."

त्याने कलिंगड वाजवून बघावं तशी भिंत वाजवली आणि विमा नाकारला. अण्णांचा मंजूर झाला.

आता अण्णा संध्याकाळी ओट्यावर पाय पसरून बसतात. मला त्यांच्या विम्यापेक्षा त्या पसरलेल्या पायांचा हेवा वाटतो. रस्त्याने ट्रक गेला की माझी नजर भेगेकडे जाते. निश्चिंती मजबूत घरातून येते असं मी समजत होतो. ती एका कपाटाच्या आडूनही येते.

काल अण्णा म्हणाले, "तुला तुझी जीभ नडली बघ."

नडली असेल. पण तीच भेग माझ्या बाजूने धोक्याची आणि त्यांच्या बाजूने बिनधोक कशी, हे त्या तपासनिसाने परत यावं, अण्णांचं कपाट सरकवावं आणि भिंतीवर हात ठेवून मला सांगावं.