पाठीवरचा मजकूर

कोल्हापूर स्टेशनवर गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि अण्णांचा पत्ता नव्हता. अव्वा, म्हणजे माझी आई, डोळ्याला पदर लावून फलाटावर उभी होती आणि मी रागानं नुसती धुमसत होते. एकुलती एक लेक साता समुद्रापार निघालीय आणि ह्या माणसाचा छापखान्यातनं पाय निघत नाही! तेवढ्यात शाईनं काळे झालेले हात वर करून, "सरका की वो पावणं," म्हणत अण्णा गर्दीतनं धावत आले. खिडकीतनं त्यांनी माझ्या मांडीवर एक पुडकं टाकलं. लग्नपत्रिकांच्या वाया गेलेल्या कागदात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं.

"चाळीसच्या चाळीस हाईत," ते धापा टाकत म्हणाले. "प्रेसची प्रत हाय, दुसरी न्हाय. तोंडं कुणीबी बघतंय. तू पाठी वाचत जा."

मी म्हटलं, "येतो अण्णा." आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. गाडी हलली, आणि त्यांच्यावर धड रागवायचंही राहून गेलं.

पुडक्यात पैलवानांची कार्डं होती. घरी राहिलेल्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे लांब जाऊन पडलेले बरेच आहेत आणि त्यांच्या पोरांना तालीम म्हणजे काय तेही ठाऊक नाही, म्हणून जरा बैजवार सांगते.

संस्थान विलीन झालं त्या साली आमच्या छापखान्यात रोज एकच विषय. राजाश्रय गेला, आता पैलवानांच्या खुराकाचं काय? जो येईल तो हळहळायचा आणि चहा पिऊन जायचा. अण्णा हळहळले नाहीत. "राजा हुता तवर राजानं बघितलं," ते म्हणाले. "आता लोकांनी बघायचं. पण त्येला आधी लोकांनी वळखाय नको?" आणि त्यांनी पत्त्याएवढी कार्डं छापायला घेतली. पुढं पैलवानाचा फोटो, मागं त्याची माहिती. जे काही सुटेल ते तालमींच्या दूध-बदामाला. कुस्त्यांची हँडबिलं आणि लग्नपत्रिका छापणारा साधा माणूस, पण डोकं बघा कसं चाललं!

पैलवान फोटोला उभेच राहीनात. दृष्ट लागती म्हणायचे. एवढी धिप्पाड माणसं, पण कॅमेरा दिसला की भिंतीकडं तोंड करायची. मग अण्णांनी तोडगा काढला. प्रत्येक कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका छापायचा. तीट! झालं, सगळे हाताची घडी घालून निमूट उभे राहिले.

खरी मेहनत होती ती पाठीवरच्या मजकुराची. पैलवानानं तोंडानं सांगितलेलं वजन अण्णा मानत नसत. त्याला गुळाच्या अडतीत नेऊन काट्यावर चढवायचे, एकीकडं गुळाच्या ढेपा आणि एकीकडं पैलवान. "अर्धा शेर चुकला तरी माणूस चुकला," म्हणायचे. नाव, बापाचं नाव, गाव, वस्ताद, वजन, हुकमी डाव, आणि सगळ्यात खाली अण्णांची स्वतःची एक ओळ. त्या ओळीत कुणाला महान म्हणायचं नाही, कुणाची आरती ओवाळायची नाही. "हरल्यावर कारण सांगत नाही." "पाडल्यावर आधी हात देतो." "जेवताना कुणाशी बोलत नाही." बस्स, एवढंच. पण त्या एका ओळीसाठी अण्णा त्या माणसाच्या गावी दोन-दोन दिवस मुक्काम ठोकायचे. हुपरी म्हणू नका, मलकापूर म्हणू नका, सगळीकडं एसटीनं नाहीतर सायकलीवर. माझा बाप आहे म्हणून सांगत नाही, असा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

मैदानात बायका जात नसत. कुस्त्यांच्या दिवशी आम्ही घरात बसून नुसता आरडाओरडा ऐकायचा आणि कोण जिंकलं ते पुरुष परत आल्यावर कळायचं. पण कार्डांची प्रुफं मी वाचायचे. त्यामुळं एकही कुस्ती न बघता मला गल्लीतल्या निम्म्या पुरुषांपेक्षा जास्त कुस्ती कळायची, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगायचे. अव्वा म्हणायची, "हिला कोण करून घेणार गं बाई!"

कार्डं बंद पाकिटात विकायची, आत कोण निघेल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर, ही कल्पना मात्र माझी. अहो, गाव येडं झालं! रविवारी छापखान्यासमोरच्या कट्ट्यावर जत्रा भरायची. इचलकरंजीहून पाळी संपवून आलेले मागावरचे कामगार, हुपरीचे चांदीवाले, शाळामास्तर, कचेरीतले कारकून. अदलाबदल करायची तीही कुस्तीच्या रिवाजानं, जोड बघून. ज्या तोडीचा पैलवान द्याल त्याच तोडीचा घ्यायचा. "पावणं, ही काय जोड झाली व्हय? उगं कायबी लावताय की!" अशी जुंपली की मग पंच बसवायचे.

आणि एक नियम असा, जो कुणी लिहून ठेवला नव्हता पण मोडायची कुणाची छाती नव्हती. कार्ड कधी उताणं ठेवायचं नाही. पैलवानाची पाठ जमिनीला लागली की तो हरला. मग कार्डाची तरी पाठ कशी टेकू द्यायची? लोक कार्डं हातात धरायचे, भिंतीला उभी करायचे, नाहीतर भोक पाडून दोऱ्यात ओवायचे. एका मास्तरांनी चुकून एक पैलवान कट्ट्यावर उताणा ठेवला, तर तालीमवाले महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. हसू नका. चांगले बीए झालेले मास्तर, पण तालमीत जाऊन नारळ फोडून आले.

तर असं ते पुडकं घेऊन मी लँकेशायरमधल्या बोल्टनला आले. आमचे हे इचलकरंजीच्या मागवाल्यांच्या घरातले. मागांची यंत्रं शिकायला म्हणून आधी आले, मिलमध्ये नोकरी लागली, राहिले. तिकडं मी गल्लीच्या ह्या टोकावरनं त्या टोकाला हाक मारत होते आणि कुणी वळून बघत नव्हतं. इथं मी ह्यांना "जेवायला या" म्हटलं तरी भांडण लागलं असं वाटून शेजारचा पडदा हलायचा. हळूहळू आवाज खाली आला. सॉरी, थँक्यू, लव्हली जमायला लागलं. किचनमधलं सिंक म्हणजे काय, ते अव्वाला पत्रात चित्र काढून कळवलं.

शेजारच्या मिसेस टर्नर मोठ्या मायाळू. त्यांच्या वारलेल्या नवऱ्यानं सिगारेटच्या पाकिटांतनं निघणारी फुटबॉलवाल्यांची कार्डं जमवून आल्बममध्ये डकवली होती. काय ती निगा! एक कोपरा दुमडलेला नाही, एक कार्ड तिरकं नाही. माझी कार्डं बघून त्या हरखल्या. फक्त कोपऱ्यातल्या ठिपक्याला बोट लावून म्हणाल्या, छपाईत डाग पडलाय वाटतं. दृष्टीला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला त्या दिवशी काही सापडलं नाही. जाताना त्या मला एक जाड कोरा आल्बम देऊन गेल्या.

बाजारचा डिंक छापखानेवाल्याच्या लेकीला पटत नाही. मी मैद्याची खळ शिजवली आणि दोन रविवार बसून चाळीसच्या चाळीस पैलवान ओळीनं डकवले. आल्बम मिटून टेबलावर ठेवला, मिसेस टर्नरना दाखवला, शाबासकी घेतली. कट्ट्यावरचा नियम डोक्यातसुद्धा आला नाही. इतकी मी इथली झाले होते.

मग गेल्या उन्हाळ्यात अण्णांचं पत्र आलं. "डॉक्टर काचबिंदू म्हणतात. दिवाळीपर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही. त्याआधी कार्डं पुन्हा छापायची आहेत, अक्षरांचे खिळे माझ्या हातानं जुळवून. पोरं आता ह्या पैलवानांना विसरायला लागलीत. माझा हातानं लिहिलेला मजकूर वाळवीनं खाल्ला. गावातनं बावीस जणांचा मजकूर मिळाला, अठरांचा मिळत नाही, त्यांची नावं मागं लिहिली आहेत. लोकांकडं आहेत ती कार्डं घामानं आणि भोकांनी वाचता येईनात. तुझ्याकडच्या पाठी उतरवून पाठव. अक्षर मोठं काढ."

मी आल्बम काढला आणि पहिलं पान उघडलं. चाळीसच्या चाळीस चीतपट! मी, अण्णांच्या लेकीनं, माझ्या हातानं सगळ्यांची पाठ लावली होती, आणि अण्णांचा शब्दन् शब्द खळीखाली गाडला होता. डाव सगळे आठवत होते, पण शेरातली वजनं आणि ती शेवटची एकेक ओळ? अण्णांच्या शब्दांत माझे शब्द मिसळून पाठवायचे आणि त्यांनी आपले म्हणून ते डोळे ताणून जुळवायचे? मी आल्बम छातीशी धरून मोठ्यानं रडले. पडदा हलला तर हलू दे.

हे म्हणाले, "खळ मैद्याचीच हाय न्हवं? मग रडतीस कशाला? पाणी कोमट कर." हा माणूस वर्षातनं एकदा शहाण्यासारखं बोलतो, ते त्या दिवशी बोलला. मिसेस टर्नरनी पसरट ताटल्या आणि टीपकागदाचा गठ्ठा आणून दिला. एकेक पान कापून आम्ही पाण्यात सोडलं. छपाईची शाई तेलातली, ती पाण्याला दाद देत नाही. अर्ध्या तासानं पहिलं कार्ड आपण होऊन सुटलं. उलटं केलं तर अण्णांची ओळ जशीच्या तशी. "हरल्यावर कारण सांगत नाही." मी ती मिसेस टर्नरना इंग्रजीत सांगितली. त्या म्हणाल्या, असा माणूस मला नवरा म्हणून चालला असता.

सतरा कार्डं अशी सुटली. अठरावं सुटलं नाही. मलकापूरकडचा गणू पैलवान. तिथं खळ जाड बसली होती, मी घाई केली आणि कार्डाच्या पाठीचं सालपट आल्बमलाच राहिलं. वरच्या ओळी कशाबशा लागल्या, खालची ओळ लगदा होऊन गेली.

दोन दिवस डोकं खाजवलं, ती ओळ काही आठवली नाही. आठवली ती गणूची आई. कार्डं निघाली तेव्हा ती अनवाणी छापखान्यात आली होती, पोराचा फोटो बघायला. वाचता येत नव्हतं. पाठीवर बोट ठेवून तिनं मला विचारलं, "ह्यात माझं, हौसाबाईचं नाव कुठं हाय?" मी म्हटलं, "वस्तादाचं हाय, बापाचं हाय. तुमचं न्हाय मावशी." ती म्हणाली, "असूं दे. म्हशी तेवढ्या म्या राखल्या." आणि कार्ड पदरात बांधून निघून गेली. अण्णा तेव्हा मागं छपाईचं ट्रेडल मारत होते, त्यांनी हे ऐकलं नव्हतं.

मी गणूच्या कार्डावर शेवटी लिहिलं, "आई हौसाबाई. हिनं राखलेल्या म्हशींच्या दुधावर वाढला." अठरा मजकूर मोठ्या अक्षरात काढले आणि पाठवून दिले. आल्बमचं काही कळवलं नाही. धीर झाला नाही, खरं सांगते.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ओळी वाकड्या झाल्या होत्या.

"सुमा, सतरा ओळी माझ्या आहेत. गणूची माझी नाही. माझी काय होती ते आठवत नाही, पण ही नव्हे. असं मला सुचलंच नाही. चाळीस जणांना भेटलो. बाप विचारला, वस्ताद विचारला, म्हैस किती दूध देते ते विचारलं. आई एकाचीही विचारली नाही. गणूचं कार्ड तुझ्या ओळीसकट जुळवून ठेवलंय. बाकीची एकोणचाळीस थांबवलीत. नावं विचारायला उद्या निघतो."

खाली दोन दिवसांनी अव्वानं कुणाकडनं तरी दोन ओळी घालून घेतल्या होत्या. "काल हुपरी करून आले, आज मलकापूरची एसटी धरली. दगडाला ठेचकाळतात, पण कुणाचं ऐकत न्हाईत. ह्ये खूळ तूच लावलंस, आता तूच सांग."

मी थांबा म्हणून लिहायला दोनदा कागद घेतला आणि दोन्ही वेळा फाडला. कालच्या पत्रात सत्तावीस नावं झाल्याचं आहे. सत्तावीस म्हाताऱ्या! काही जणींना म्हणे स्वतःचं नाव चटकन सांगताच येईना, इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

इथं लोक सहज विचारतात, तुमचं घर कुठं? पूर्वी मी कोल्हापूरची गल्ली सांगायचे, मग बोल्टनचा रस्ता सांगायला लागले. आता दोन्ही सांगताना अडखळते. दिसत नाही तसतसा घाई करत एक माणूस तिकडं वाडी-वस्ती हिंडतोय, आणि तो ज्या दारात उभा असेल ते मला माझं घर वाटतं. आज ते कुठल्या मळ्यातलं दार असेल कोण जाणे. आतनं एक म्हातारी हात पुसत बाहेर येत असेल, आणि अण्णा डोळे बारीक करून विचारत असतील, "मावशी, तुमचं नाव काय वो?"