रिव्हर्स नसलेली गाडी

माझी पहिली सेकंडहँड गाडी मी तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू असताना घेतली. तिला रिव्हर्स पडत नसे. म्हटलं, गेला खड्ड्यात. मागं जायचंय कुणाला! एका रविवारी बायकोला घेऊन थेट चिंचणीच्या किनाऱ्यावर उतरलो आणि परतायला वळलो, तर मऊ वाळूत रुतलो. मागून भरती येत होती. कोळी मंडळी दोर घेऊन धावली आणि आरोळ्या देत त्यांनी होडीसारखी गाडी वर ओढली. मग सवयीनं, होडीसारखंच, उचलून तिचं तोंड दर्याकडं फिरवलं.

"अहो, हिला मागं जाता येत नाही!" मी किंचाळलो.

"मंग होडी तरी कुटं मागं जाते?" म्हणत एका म्हातारीनं बंपरवर नारळ फोडला.

नारळ फुटला, म्हणजे दर्यात जाणं आलंच. ओहोटी लागताच गाडी खाली सोडली, फेसातून भलामोठा वळसा घेतला आणि त्यांनी अंथरलेल्या फळ्यांवरून, अख्ख्या कोळीवाड्याच्या शिट्ट्यांत, सुसाट वर आलो. हसून हसून बायकोचा अंबाडा सुटला.

पुढं सहा जुन्या गाड्या घेतल्या. सगळ्या धड मागं जात. बायको त्यांत बसायची, पण तिचा अंबाडा काही पुन्हा सुटला नाही.