सोबतीला नेलेली जाऊ

नागपूरच्या महाल भागात कोणाच्याही वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की समजायचं, हा करिष्माच्या हातचा. कित्येक वर्षं ती एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसत होती. मधोमध सत्कारमूर्ती, मागे वाघ नाहीतर सिंह, चारी बाजूंनी फुलं आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. त्या रांगेतला एक जरी सुटला तर माणसं दुकानावर भांडायला यायची. म्हणून करिष्माला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, बोटभरही जागा रिकामी सोडायची नाही. आणि ही बाई निघाली गेम बनवायला शिकायला.

हसू नका. मोबाईलवरचे गेम कोणीतरी माणूसच बसून बनवतो, हे जेव्हा तिला कळलं तेव्हापासून तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. लोकांच्या गळ्यात कॉम्प्युटरवर हार घालण्यात जन्म घालवायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं. धंतोलीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मार्तंड सरांचा डिझाईनचा क्लास होता. सासूबाईंनी, म्हणजे वच्छलाबाईंनी, जायला हो म्हटलं, पण धाकट्या सुनेला सोबत न्यायचं या अटीवर. नूपुर नुकतीच लग्न होऊन कन्हानहून आलेली, दिवसभर घरात बसून कंटाळलेली. तिचंही मन रमेल, असं सासूबाईंचं म्हणणं. करिष्मा म्हणाली, चालेल, बसेल बिचारी कोपऱ्यात.

बिचारी! थोड्याच दिवसांत ती बिचारी पहिल्या बाकावर होती. सर शिकवायचे ते ऐकायला सोपंच होतं. नात्यातल्या गोष्टी जवळजवळ ठेवा, एका रेषेत ठेवा, महत्त्वाचं आहे ते मोठं करा, बाकीच्यांना गप्प बसवा, आणि जागा मोकळी सोडा म्हणजे डोळा जिथे जायचा तिथे बरोबर जातो. करिष्माला सगळं समजायचं, पण हात ऐकायचा नाही. कोपरा रिकामा दिसला की तिथे फूल बसलंच. नूपुरला मात्र असली कोणतीच जुनी खोड नव्हती. ती चार गोष्टी मांडायची, त्यातल्या तीन काढून टाकायची, आणि सर अख्ख्या वर्गाला तिच्या टेबलाभोवती बोलवायचे.

करिष्माच्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला सांगू, नुसता जळफळाट व्हायचा तिचा. ज्या पोरीला माउस कसा धरायचा ते आपण शिकवलं, ती आपल्यापुढे? मग घरी नूपुरच्या भाजीत मीठ जास्त पडू लागलं, तिनं घासलेली भांडी चिकट लागू लागली, तिचं हसणं जरा जास्तच मोठ्यानं ऐकू येऊ लागलं. एकदा सरांनी करिष्माचंही कौतुक केलं, रंग छान जमलेत म्हणाले. तर बाईंना वाटलं, आपली समजूत काढून राहिलेत.

आणि अशातच ती जागा निघाली. शहरातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीला शिकाऊ डिझायनर हवा होता, आणि सर वर्गातून एकच नाव पाठवणार होते. करिष्माला ती जागा जिवापाड हवी होती. फ्लेक्समधून सुटायचं तर हीच वाट होती. त्यासाठी प्रत्येकानं नागपूरच्या एखाद्या सणावर छोट्या गेमचा पहिला स्क्रीन बनवायचा होता. सरांची परीक्षेची तऱ्हा न्यारीच होती. खालच्या दवाखान्यात कुठल्या ना कुठल्या गावाहून आलेला पेशंटचा नातेवाईक कंटाळून बसलेला असायचाच. फोन त्याच्या हातात द्यायचा. बनवणाऱ्यानं मागे उभं राहायचं, चकार शब्द काढायचा नाही. त्या माणसानं कोणाला न विचारता गेम सुरू केला तर आपण पास.

परीक्षेच्या आदल्या दुपारी नूपुर फोन घेऊन आली. "ताई, बघता का जरा? मले वाटते, यात काही कमी आहे."

करिष्मानं फोन हातात घेतला. नूपुरनं मारबत घेतली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरातली रोगराई घेऊन जा म्हणत जिचा मोठा पुतळा वाजतगाजत नेतात, तीच. सगळा स्क्रीन काळाभोर, एका बाजूला पिवळी मारबत, तिनं पुढे केलेला हात, आणि त्या हातापाशी एक बटण. बस. डोळा दुसरीकडे जाऊच शकत नव्हता. असं आपल्याला उभ्या जन्मात सुचणार नाही हे करिष्माला कळून चुकलं, आणि त्याचाच तिला संताप आला.

"किती उघडंबोडकं दिसून राहिलं वं हे," ती म्हणाली. "काम अर्धंच सोडलं वाटते."

मग तिनं जाऊबाईला शेजारी बसवलं आणि प्रेमानं सांगितलं, इथे ढोलवाले टाक, इथे गर्दी, कडेनं झेंडूची माळ, आणि खाली फोटोंची एक रांग. नूपुर मान हलवत निघून गेली. ती जाताच करिष्मानं स्वतःचा तान्ह्या पोळ्याचा, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाचा, स्क्रीन उघडला. त्यातली फुलं काढली, पताका काढल्या, फोटोही काढले. प्रत्येक वेळी हात अडखळला, पण काढले. शेवटी उरला एक लाकडी बैल आणि एक बटण.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रुपराव नावाचे एक काका सापडले, बायकोचे डोळे दाखवायला आलेले. वर्ग त्यांच्यामागे उभा राहिला. करिष्माचा स्क्रीन पाहून त्यांनी सरळ बटण दाबलं, बैल चालायला लागला, काका खूश. मग नूपुरचा आला. काकांनी फोन जवळ नेला, लांब नेला. ढोलावर बोट ठेवलं, माळेवर ठेवलं, मग खालचे फोटो एकेक करून दाबले. गर्दीत दबलेलं बटण काही त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी मधल्या सगळ्यात मोठ्या फोटोवर बोट ठेवलं.

"वाढदिवस कोनाचा हाय? या बाईचा का?" त्यांनी विचारलं, आणि मागे वळून पाहिलं. "ह्या तर तुमीच."

फोटो करिष्माचा होता. त्याखाली नूपुरनं ठळक अक्षरात लिहिलं होतं, मार्गदर्शक.

सगळे हसले. सरांनी नूपुरला विचारलं, हे असं करायला कोणी सांगितलं? नूपुर म्हणाली, कोणी नाही, माझंच डोकं. सरांनी एकवार करिष्माकडे पाहिलं. फ्लेक्स त्यांनीही कमी पाहिले नव्हते. पण ते एवढंच म्हणाले की करिष्माचं काम पुढे आहे, नाव सोमवारी पाठवतो, तोवर कोणाला सुधारून द्यायचं असेल तर द्या.

घरी जाताना स्कूटीवर मागे बसून नूपुर खुशीत बडबडत होती, सासूबाईंसाठी संत्रा बर्फी घेऊ म्हणत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा करिष्माला राहवलं नाही.

"तुले दिसत नव्हतं का, सगळं बिघडून राहिलं ते?"

"दिसत होतं."

"मग काहून केलं?"

"तुम्ही पहिल्यांदाच माझं काम पाहायला जवळ बसल्या होत्या, ताई. नाही कसं म्हणू?"

आता तरी आपल्या पोटातलं दुखणं थांबेल असं करिष्माला वाटलं. कसलं काय, उलट वाढलं. इतके दिवस पोरीच्या हाताचा हेवा वाटत होता, आता मनाचाही वाटायला लागला. हिला साधं जळतासुद्धा येत नाही! जागा आपल्याला मिळेलही, आणि तरी पुढे हीच. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी तिनं गाडी काढली नाही.

"परत बनव," ती समोर बघतच म्हणाली. "सोमवारच्या आत. अन् मले दाखवू नको."