रिसबूडकाकांची सतरा कंपन्यांतली गुंतवणूक

अमेरिकेतल्या एडिसन गावात शेअर बाजारावर बोलायचं ते जगन्नाथ रिसबूडांनीच, असा अलिखित नियम होता. तो नियम कोणी केला हे शोधायला गेलं असतं, तर बोट काकांकडेच वळलं असतं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात इंजिनिअर असलेले काका मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कॉफीच्या भांड्याशेजारी उभे राहत, आणि पोहे संपायच्या आत त्यांच्याभोवती दहा-बारा जणांचं कडं जमे. "परवा आमच्या कंपनीच्या मीटिंगला मी चेअरमनना स्पष्टच विचारलं," अशी सुरुवात झाली की सगळे कान टवकारत.

मीटिंगला ते जात, हे खरं होतं. चेअरमनना विचारत, हेही खरं. 'आमच्या कंपनीच्या' हेसुद्धा खरंच होतं, फक्त अगदी थोडं खरं होतं. काकांकडे सतरा कंपन्यांचे शेअर होते, प्रत्येकीचा एक.

शेअर एक असो की एक लाख, वार्षिक सभेचं आमंत्रण घरी येतं, सभेनंतर जेवण असतं आणि निघताना हातात पिशवी पडते, हा शोध त्यांना ऐंशी साली लागला. तेव्हापासून एप्रिल-मे आला की ते रजा टाकत. घरातल्या छत्र्या तेल कंपनीच्या होत्या, साबण साबण कंपनीचा, आणि वीज गेल्यावर लावायचा टॉर्च खुद्द वीज कंपनीचा. डिव्हिडंडचा एकतीस सेंटचा चेक बावीस सेंटचं तिकीट लावून यायचा, आणि कंपनीला आपण खर्चात पाडलं म्हणून काकांना कोण आनंद! फक्त एक गोष्ट खुपायची. सभेच्या दारात टेबलामागची बाई सगळ्यांसमोर विचारी, "हाउ मेनी शेअर्स, सर?" तेव्हा पुढे वाकून, औषधाच्या दुकानात नको त्या दुखण्याचं नाव सांगावं तसे काका पुटपुटत, "वन."

वसुधाकाकूंना हे सगळं ठाऊक होतं. साबण फुकट येत होता, म्हणून त्या गप्प होत्या.

सत्त्याऐंशीच्या गणपतीत टोरांटोहून काकूंची धाकटी बहीण सुमित्रा आली. तिचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. विम्याचे चाळीस हजार डॉलर बँकेत पडून होते आणि पुढच्या सप्टेंबरात मुलगी कॉलेजात जायची होती. बाजार नुसता चढत होता, तिच्या दोन्ही शेजाऱ्यांनी नव्या गाड्या घेतल्या होत्या. सुमित्रेनं वहीत प्रश्न लिहूनच आणले होते.

"भावोजी, डिव्हिडंड म्हणजे व्याजच ना? दर तीन महिन्यांनी मिळणारच?"

"मिळणारच असं नाही. कंपनीची मर्जी. नफा घटला की त्यालाच कात्री."

"आणि कॅनडात बसून अमेरिकन शेअर घेतले तर?"

"डिव्हिडंडमधून आमचं सरकार आधी आपला घास काढून घेणार, उरलेलं तुला. शिवाय तुमचा डॉलर वर की आमचा, ते रोज बघत बसायचं."

"मग बाँड फंड बरा. त्यात मुद्दल सेफ असतं."

"बाँड मुदतीपर्यंत धरलास तर मुद्दल परत मिळतं. पण फंडाला मुदत कुठली? व्याजाचे दर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या बाँडना पूर्ण भाव कोण देणार? फंड पडतो. या वर्षी पडलेत की!"

उत्तरं बिनचूक होती, कारण सतरा कंपन्यांचे अहवाल काका खरोखर वाचत. पण शेवटचा प्रश्न तिनं वही मिटून विचारला. "ते सगळं जाऊ दे. तुमचे पैसे जिथे आहेत, तिथेच माझे घालून द्या."

काकांनी तोंडाकडे नेलेला मोदक परत ताटलीत ठेवला. खरं सांगावं तर सात वर्षांची इज्जत कॉफीच्या भांड्यात बुडणार, आणि न सांगता पैसे घालावेत तर पोरीच्या कॉलेजचा जुगार होणार.

"पैसे लागणार कधी?"

"पुढच्या सप्टेंबरात."

"मग बँकेतच असू दे. वर्षात लागणारा पैसा बाजारात न्यायचा नाही."

"आणि तुमचे?"

"माझं... जरा वेगळं आहे."

हे सुमित्रेला झोंबलं. विमानतळावर ती बहिणीला म्हणाली, "स्वतः लाखो कमावतात आणि मला म्हणतात बँकेत ठेव. घरच्या माणसालासुद्धा सांगवत नाही गं यांना?" काकूंनी ते नवऱ्याला जसंच्या तसं ऐकवलं. काका दोन दिवस धड जेवले नाहीत.

मग ऑक्टोबरातला तो सोमवार आला. एका दिवसात बाजार असा कोसळला की टीव्हीवरच्या माणसांनाही शब्द सुचेनात. काकांनी हिशोब केला. एकशे त्रेपन्न डॉलर गेले होते.

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात मंडळाचा खजिनदार विनय, त्याची बायको उत्तरा आणि मागे आठजण, सगळे खालच्या आवाजात बोलणारे. उत्तराच्या हातात मोठं पातेलं होतं. झाकण उघडलं तर आत पिठलं-भात. घरातलं माणूस गेलं की शेजारी आणून देतात, तोच. काकूंनी घाईघाईनं शेगडीवरची भरली वांगी झाकली.

"काका, धीर धरा," विनय म्हणाला. "किती गेले ते आम्ही विचारणार नाही."

काकांनी मान खाली घातली. इतकं भारदस्त दुःख आयतं दारात चालून आलेलं, ते परत पाठवणं जिवावर येत होतं. शिवाय पिठल्याला लसणीची फोडणी फर्मास होती. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तेवढ्यात विनयनं खिशातून पाकीट काढलं. "सगळ्यांनी मिळून फूल ना फुलाची पाकळी. सातशे दहा डॉलर. त्यातले शंभर सुमित्राताईंचे आहेत, तूर्त मी घातलेत. सकाळी फोनवर रडत होत्या. म्हणाल्या, माझे वाचवले आणि स्वतःचे बुडवले, आणि मी त्यांना नाही नाही ते बोलले."

काकांचा घास हातातच राहिला. त्यांची शेअरमधली सगळी इस्टेट बाजार पडायच्या आधीसुद्धा सहाशे ऐंशी डॉलर होती. त्यांना मनापासून लाज वाटली. ते उठले, हात धुतले, कपाटातून बुटांचं खोकं आणलं आणि विनयच्या मांडीवर ठेवलं. "मोज."

विनय एकेक सर्टिफिकेट उलटत गेला. "एक शेअर. हाही एक. हाही... काका, सगळे एकेकच?"

"एकेकच. तिथे मी जेवायला जातो. ते पाकीट परत ने. सुमित्राला मी स्वतः फोन करून सांगतो."

उत्तरानं पातेलं उचललं, बहुधा घरी न्यायलाच. स्वयंपाकघरात काकूंनी वांग्यांवरचं झाकण काढलं, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दारापाशी मात्र उत्तराचे पाय थांबले.

"काका, तिथे व्हेजिटेरियन मिळतं का हो?"

काकांनी घसा साफ केला. "आधी कळवावं लागतं."

"आणि पिशवीत काय असतं?" मागून कोणीतरी विचारलं.

"ते कंपनीवर आहे. बिस्किटवाल्यांची पिशवी मोठी असते." आणि बघता बघता खुर्च्या पुढे सरकल्या.

पुढच्या एप्रिलमध्ये बिस्किट कंपनीच्या सभेला एडिसनहून तीन गाड्या गेल्या, माणशी एक शेअर घेऊन. सुमित्राही आली होती. तिनंही एकच शेअर घेतला होता, बाकीचे पैसे बँकेतच होते. टेबलामागच्या बाईनं नेहमीचा प्रश्न विचारला. काकांनी मागे वळून रांग मोजली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ट्वेल्व्ह!"