सुगतन माश पत्रिका दुरुस्त करतात

"तुमचं सगळं खरं, पण पत्रिकेच्या बारांतली चार घरं अर्धी कापली गेलीत त्याचं काय?" तंकमणीनं छापलेला कागद नवऱ्याच्या ताटलीशेजारी ठेवला. "शनी अर्धाच दिसतोय. अर्धा शनी मी कुणाच्या हातात देऊ?"

सुगतन माशांनी, म्हणजे मास्तरांनी, पुट्टूचा घास गिळला, चष्मा वर केला आणि कागद निरखला. शनी आकाशात पुराच आहे, म्हणाले, कागदावर तो असला काय नि नसला काय.

"आकाशातला शनी मागायला कुणी येत नाही. विलासिनी येणार आहे, तिच्या पोरीची पत्रिका घ्यायला."

भांडणाचा हा सहावा दिवस होता. पट्टांबीच्या हायस्कुलात चौतीस वर्षं गणित शिकवून माश निवृत्त झाले, तेव्हा गावाला वाटलं होतं आता वाचनालयाला पूर्णवेळ सेक्रेटरी मिळाला. तो मिळालाच, पण उरलेला वेळ माशांनी घराला दिला आणि तिथं पंचाईत झाली. शाळेच्या कॉम्प्युटरांवर सरकारनं लिनक्स ही मोफत, खुली प्रणाली आणली तेव्हापासून माश तिचे भक्त. भक्त हा शब्द त्यांना खपायचा नाही, कारण ते देवधर्म न मानणाऱ्या युक्तिवादी संघाचे जुने सभासद. देवळात न जाता त्यांचं लग्न वाचनालयाच्या हॉलमध्ये लागलं होतं. पण लिनक्सबद्दल बोलताना त्यांचा आवाज भरून यायचा, हे त्यांच्या मुलीनं, दृश्यानं, अनेकदा पाहिलं होतं.

तंकमणीचा कॉम्प्युटर विंडोजवर चालायचा. तिच्या मामांकडून ती पत्रिका मांडायला शिकली होती आणि पंधरा वर्षांपूर्वी दुकानातून रीतसर सीडी घेऊन तिनं 'जातकदीपम्' नावाचा प्रोग्राम बसवला होता. तेव्हापासून आसपासच्या चार वॉर्डांतली बारशी आणि लग्नं तिच्या छापील कागदावरून ठरायची. माशांना याची लाज वाटायची, पण सहन व्हायची. सहन झालं नाही ते दुसरंच. कॉम्प्युटरमधली विंडोज दुकानदारानं फुकट भरून दिलेली, म्हणजे चोरीची, हे त्यांना एक दिवस कळलं. अंधश्रद्धा एक वेळ चालेल, चोरीचा माल आपल्या घरात चालणार नाही, असं सांगून त्यांनी एका दुपारी सगळं पुसलं आणि लिनक्स बसवलं. बसवताना यंत्रानं पाच-सहा प्रश्न विचारले. माशांनी उत्साहाच्या भरात प्रत्येकाला एंटर दाबलं.

मग 'जातकदीपम्' उघडेना. माश म्हणाले, परक्या प्रणालीचा प्रोग्राम आहे, मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम घालावा लागतो. दुभाष्या घातला. पहिल्या दिवशी प्रोग्राम उघडताच मिटायचा. दुसऱ्या दिवशी कुठलीशी फाईल नाही म्हणून अडला, ती माशांनी इंटरनेटवरून मिळवली. तिसऱ्या दिवशी उघडला, पण सगळी मल्याळम अक्षरं चौकोनी डबे होऊन बसली. तंकमणीनं रवीच्या जागी डबा आणि चंद्राच्या जागी डबा पाहिला आणि स्वयंपाकघरात जाऊन सारडिन मासे धुवायला घेतले. जुना फॉन्ट शोधून बसवायला दोन दिवस गेले. आयुष्यभर ग्रहांना हसणारा माणूस राहू-केतू नीट दिसावेत म्हणून पहाटे उठून बसला होता. माशांची ऐंशी ओलांडलेली आई, माधवी अम्मा, हे पाहून पान चघळता चघळता हसली.

अर्ध्या शनीचं कारण त्या सकाळी सापडलं. प्रोग्राम अमेरिकी मापाच्या कागदाचा हिशेब धरून बसला होता. आपला कागद अरुंद. माशांना यात नवल वाटलं नाही. अमेरिका सगळ्या जगाला आपल्या मापात बसवू पाहते, यावर ते जेवणापर्यंत बोलले आणि कागदाचं माप बदललं. शनी पुरा उमटला.

"आता एक तपासून घेऊ," तंकमणी म्हणाली. "तुमचीच पत्रिका काढते. तारीख सांगा."

"दहा मे एकोणीसशे साठ."

"ती शाळेच्या दाखल्यातली. खरी सांगा."

माशांना खरी-खोटी हा भेद मान्य नव्हता. सरकारी कागदावर आहे ती तारीख, बाकी सगळं अम्माचं ऐकीव. तंकमणीनं तीच घातली. नक्षत्र आलं रेवती.

"रेवती कसली," आतून अम्मा म्हणाली. "मेडम, म्हणजे एप्रिल-मे महिन्यातली आर्द्रा आहे याची. हेडमास्तरांनी शाळेत घालताना मनाला येईल ती तारीख लिहिली."

तिघंही हसले. गावात कुणाच्याच दाखल्यावरची तारीख खरी नव्हती. माशांनी स्वतः वर्गशिक्षक असताना शेकड्यांनी पोरं मे महिन्यात जन्माला घातली होती. तेव्हा खोट्या तारखेचं नक्षत्र खोटं आलं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. प्रोग्राम चालतो, असा निकाल लागला. माशांनी त्या रविवारी वाचनालयात 'परक्या प्रोग्रामचं स्वातंत्र्य' या विषयावर पाऊण तास भाषण केलं. नऊ माणसं होती. कोरा चहा सगळ्यांना पुरला.

तीन आठवड्यांत तंकमणीनं एकतीस पत्रिका दिल्या.

विलासिनी पुन्हा आली ती चपला न काढता. तिच्या निमिषाचं स्थळ चेर्पुळश्शेरीच्या घरात जवळजवळ पक्कं झालं होतं. त्या लोकांनी तंकमणीचा कागद त्यांच्या ज्योतिषाला दाखवला, त्यानं गुण जुळत नाहीत म्हणून सांगितलं आणि त्यांनी फोनवरूनच नकार कळवला.

"तंकम चेच्ची, तुला ताई मानते मी. माझी पोर मघा नक्षत्राची," विलासिनी शांतपणे म्हणाली, आणि तिचा तो शांतपणाच तंकमणीला भ्यायला लावणारा वाटला. "पंचवीस वर्षं दर चिंगम महिन्यात मघाला मी तिच्यासाठी पायसम करते. तू उत्तराभाद्रपदा लिहिलंस. शाळकरी पोरालाही कळतं हे. तुला कळलं नाही?"

तंकमणीनं कागद पाहिला. वर नीट छापलं होतं, चार, नऊ, चौऱ्याण्णव. तिनं नक्षत्राकडं पाहिलंच नव्हतं. पंधरा वर्षं या प्रोग्रामनं तिला पाहायची वेळच आणली नव्हती. तिनं विलासिनीला बसायला सांगितलं, ती बसली नाही. उद्या संध्याकाळपर्यंत बरोबर कागद तुझ्या हातात देते, एवढंच तंकमणीला सुचलं. पोरीच्या आईला ते पुरलं की नाही हे कळलं नाही. ती फाटक लोटून गेली.

माशांनी तासाभरात चूक पकडली. बसवताना भाषेच्या प्रश्नाला दाबलेल्या एंटरमुळे यंत्र स्वतःला अमेरिकेत समजत होतं, आणि अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. चार सप्टेंबर त्यानं नऊ एप्रिल म्हणून वाचली. बारानंतरच्या तारखेला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती मुकाट्यानं सरळ वाचायची. बारापर्यंतच्या सगळ्या उलट्या. माशांची दहा मेही पाच ऑक्टोबर झाली होती, म्हणून रेवती.

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्धच्या मोर्चात वडिलांच्या खांद्यावर बसून घोषणा दिलेल्या या माणसानं एका एंटरनं घर अमेरिकेत नेऊन ठेवलं होतं, याचं त्यांना काहीच वाटलं नाही. किती सुंदर चूक आहे, ते म्हणाले. कधी दिसते, कधी दिसत नाही. खुल्या प्रणालीवाल्यांच्या चर्चामंचावर सविस्तर लिहायला हवं. ते लिहायला बसलेसुद्धा.

तंकमणीनं वही काढली. एकतीस नावं, तारखांसह. बारापर्यंतच्या तारखा बारा निघाल्या. त्यातलं एक बाळ पाच मेचं, ते उलटं-सुलटं सारखंच, म्हणून वाचलं. राहिली अकरा घरं. दोन बारशी, बाकी लग्नं.

"अच्छन, अकरा घरं आहेत," दृश्या वडिलांना म्हणाली; ती ड्यूटीवरून आली होती आणि तिनं गणवेशातच वही वाचली होती. "लिहिणं थांबवा जरा."

माश मान न वळवता म्हणाले, "मूळ पत्रिका खोटी आणि ही चुकीची पत्रिकाही खोटी. खोट्याच्या जागी खोटं गेलं. नुकसान कुणाचं झालं?"

"निमिषाचं," तंकमणी म्हणाली.

माशांची बोटं थांबली. निमिषा त्यांची विद्यार्थिनी, दहावीला गणितात शंभरपैकी शंभर. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, मग तारखेचा क्रम बदलून दिला, आणि ज्योतिषच नसतं तर हा प्रसंगच आला नसता, असं काहीतरी पुटपुटले.

तंकमणीनं अकराही पत्रिका नव्यानं काढल्या. या वेळी प्रत्येक नक्षत्र मामांच्या जुन्या पंचांगातून बोट ठेवून ताडून पाहिलं. निमिषाचं मघा आलं. तिनं चेर्पुळश्शेरीच्या मुलाशी पुन्हा गुण काढले आणि कागद उलटा घालून ठेवला. काय आलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मग कागद तारखांप्रमाणे लावून रबरबँड घातला आणि गठ्ठा माशांच्या कीबोर्डवर ठेवला.

ताटं वाढून झाली होती. अम्मा पाटावर येऊन बसली होती, दृश्या हात धुऊन आली होती.

"उद्या साडेआठला माश निघतील," तंकमणी आमटी वाढता वाढता म्हणाली. "अकरा घरं. पहिलं विलासिनीचं, मग तिथूनच बसनं चेर्पुळश्शेरी. प्रत्येक घरात बसायचं, जुना कागद परत मागायचा, नवा द्यायचा, आणि चूक माझी, असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. अमेरिकेचं नाव घ्यायचं नाही. छत्री घेऊन जा. अकरा जुने कागद घरात आल्याशिवाय त्या यंत्राला कुणी हात लावायचा नाही."