माझ्या कोळशातला बांगडा

माणसानं आयुष्यात काय वाटेल ते करावं, पण घरच्यांना आपला विषय समजावून सांगायला जाऊ नये. मला कुठून ती अवदसा आठवली, काय सांगू तुम्हाला! आधी चहा घ्या, मग हसा माझ्यावर.

मी पीएचडी करते. कशात? भोकांत! हसू नका. नारळाच्या करवंट्या जाळायच्या, रसायनात घोळवायच्या, पुन्हा भाजायच्या आणि अशी काळी पावडर करायची की कणाकणात भोकंच भोकं. त्या भोकांत वीज साठवता येते. बॅटरीसारखीच, फक्त चटकन भरते. आम्ही मूळचे मालवणचे, राहायला विक्रोळीला. घरात नारळ रोज फुटतो, त्यामुळे कच्च्या मालाची ददात नाही.

इतकी वर्षं घासल्यावर एकदाची एक बॅच झकास निघाली. आणि लगेच कॉलेजची भट्टी बंद पडली! दुरुस्त कधी होणार ते देवालाच ठाऊक. म्हणजे ती एक बाटली, बस्स, तेवढंच माझं संशोधन. मरोळच्या एका कंपनीतले देसाईसाहेब सोमवारी ती तपासणार होते. पावडर चालली तर नोकरी देतो, असं त्यांनी आमच्या सरांना सांगितलं होतं. घरून परस्पर मरोळला जाता यावं म्हणून मी शनिवारी बाटली घरी आणली.

जेवताना आईनं विचारलं, "गो, ह्या काळा काय हाडलंस? मशेरी?"

मी फुशारले. "आई, ह्या चमचाभर पावडरीतली भोकं उलगडलीस ना, तर मैदान होईल मैदान! समोर येईल ते आत ओढते आणि धरून ठेवते. अगदी वाससुद्धा!"

वासाचं कुणी विचारलं होतं का? विजेचं सांगून गप्प बसायला काय झालं होतं मला? पण आई पहिल्यांदाच माझ्या संशोधनावर मान डोलवत होती हो! मला भरून आलं.

रविवारी आमच्याकडे बांगडे. तिरफळं घालून कालवण झालं, उरलेलं कालवण आणि मसाला लावलेले बांगडे फ्रिजात गेले. सोमवारी सकाळी बाटली उचलली, तर हलकी!

"आई! पावडर कुठाय?"

"फ्रिजात ठेवलंय, वाटयेत. बघ तरी, वास कसो गेलो तो! थोडी खालच्या शहाबेनक दिलंय, चपलांच्या कपाटासाठी."

"अगं, वाट लागली माझी! ती वीज साठवायची पावडर आहे!"

"मगे आधी सांगूचा नाय? तूच म्हणालंस, वास धरून ठेवता म्हणून."

फ्रिज उघडला. बांगड्यांच्या शेजारी, उघड्या वाटीत माझी पीएचडी. आणि फ्रिजला वास म्हणून नाही! आता तो वास गेला कुठे, हे निदान मला तरी कळायला हवं होतं की नाही? पण बुडत्याला काडीचा आधार. वाटी बाटलीत रिकामी केली आणि शहाबेनची बेल दाबली.

"ले जा बेटा," त्या म्हणाल्या, "पर शाम को वापस देना हां! एक रात में क्या कमाल किया!"

सगळी पावडर एकत्र केली, हुंगून पाहिली. काहीच नाही. गणपतीचं नाव घेतलं आणि निघाले.

देसाईसाहेब फार सज्जन माणूस. "हवा दमट आहे," ते म्हणाले, "आधी ओव्हनमध्ये सुकवू."

मी मान डोलवली. तापवलं की भोकांत अडकलेलं सगळं बाहेर येतं, हे मी ज्युनिअर मुलांना शिकवते. मी, स्वतः, शिकवते!

थोड्या वेळानं ओव्हनकडून पहिली झुळूक आली. तिरफळ. मग बांगडा. मग सावकाश शहा कुटुंबाच्या चपला. कुणीतरी खिडक्या उघडल्या, कुणीतरी नाकाला रुमाल लावून बाहेर पळालं.

"मॅडम, कच्चा माल काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"करवंटी, सर."

"नुसती करवंटी? की कालवणासकट?"

मग मी फ्रिजापासून शहाबेनच्या कपाटापर्यंत सगळं सांगून टाकलं. तरी त्यांनी तपासणी पूर्ण केली, हा त्यांचा मोठेपणा. पण वास निघाला तरी मसाल्याचं तेल भोकांतच बसलं होतं. स्क्रीनवरची विजेची रेघ चढायचं नावच घेईना. सरांना फोन केला, तर "बरं" म्हणून त्यांनी ठेवून दिला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. इतक्या वर्षांची मेहनत माझ्याच फुशारकीनं मातीत घातली होती.

आई ताट घेऊन उशाशी बसली. "रडा नको गो. मी करवंट्यो जमवून ठेवतंय."

भट्टी बंद, आणि ही करवंट्या जमवतेय!

दोन दिवसांनी देसाईसाहेबांचा फोन.

"मॅडम, तुमची ती पावडर अजून मिळेल का?"

"मिळेल सर!" मी उडालेच, भट्टी बंद आहे हे विसरून. "पुन्हा तपासणार?"

"नाही हो. आमच्या ओव्हनचा वास काही केल्या जात नाहीये. शहाबेनच्या कपाटाचा किस्सा तुम्हीच सांगितलात ना? म्हटलं, ओव्हनमध्ये वाटीभर ठेवून बघू."

"आणि सर... नोकरीचं?"

"बघू ना," ते म्हणाले. "आधी तुम्ही आणलेला वास तर जाऊ दे!"