काचेवर उतरवलेली शीट

हॉस्टेलच्या गोष्टी खऱ्या असतात का, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. खऱ्या असतात. माझा घात झाला तो त्यामुळेच.

आम्ही खालापूरजवळच्या चौक गावचे. वडील खालापूरच्या कचेरीत शिपाई. नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलेला आमच्या वस्तीतला मी पहिलाच. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट.

तिथे ड्रॉइंगच्या शीटची एक पळवाट होती. दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकायची, खाली दिवा, वर दुसऱ्याची शीट आणि त्यावर आपला कोरा कागद. रेघ न् रेघ उतरते. माझा रूममेट माझ्या शीटवरून काढायचा. एकदा तुटक रेघ हवी तिथे मी सलग मारली, त्यानेही तशीच मारली. सरांनी दोन्ही शीटा शेजारी ठेवून विचारलं, मूळ कुणाची? तो खाली बघत राहिला. मला इंग्रजी बोलायला त्याने शिकवलं होतं, म्हणून मी म्हणालो, नक्कल मी केली. मला शून्य मिळालं.

शेवटच्या वर्षी त्या रूममेटची कथा एका दिवाळी अंकात आली. मी मूर्ख, न वाचताच अंक कौतुकाने बाबांना नेऊन दिला. दर रविवारी सकाळी बाबा वस्तीतल्या बुद्धविहारात सगळ्यांना काहीतरी वाचून दाखवत. त्या रविवारी त्यांनी ही कथा काढली.

मेसचं पातळ वरण, नव्या पोरांची टिंगल, काचेखालचा दिवा, सगळं जसंच्या तसं. माणसं हसत होती. मग कथेत चौककडच्या शिपायाचा मुलगा आला. त्याने मित्राची शीट चोरून उतरवली आणि दिलदार मित्राने गुन्हा स्वतःवर घेतला. तरी बाबांनी कथा शेवटपर्यंत वाचली.

घरी आल्यावर मी म्हणालो, "बाबा, हे उलटं लिहिलंय. शीट माझी होती."

"वरनाचं खरं हाय ना? दिव्याचं? तूच सांगितलं व्हतंस."

"ते खरं आहे, पण..."

"मग येवढंच खोटं कशाला लिवंल रं तो? तुजं नाव बी घातलं नाय त्यानं. किती जपलंय तुला."

माझ्या बापाला माझ्या शब्दापेक्षा त्याचा छापील कागद खरा वाटला होता, याचा राग कुणावर काढायचा तेच कळेना.

बाबांनी पोस्टकार्ड पुढे केलं. "त्याला लिव, पोराची अब्रू राखलीत, उपकार झाले."

ते सांगत गेले आणि मी लिहिलं. खाली त्यांनी सही केली.